विश्लेषण : पेशींना रंग देणाऱ्या संशोधकांचा गौरव कोणत्या वयात व्हावा?

बायोप्सीच्या अहवालातील ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ या एका शब्दामागे शंभर वर्षांचे रसायनशास्त्र आहे. ते उभे करणारे संशोधक अनेकदा ना ‘तरुण’ असतात, ना ‘ज्येष्ठ’. विज्ञानातील या मधल्या फळीसाठी वेगळे पुरस्कार का हवेत आणि भारतात त्यांची स्थिती काय आहे, याचा आढावा.

स्तनाच्या कर्करोगाची शंका आली की गाठीचा छोटा तुकडा तपासणीला जातो. काही दिवसांनी येणाऱ्या अहवालात ‘ईआर’, ‘पीआर’ आणि ‘हर-टू’ अशा तीन नोंदी असतात. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील तर संप्रेरकांवर काम करणाऱ्या गोळ्या उपयोगी पडण्याची शक्यता असते. तिसरी पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबसारख्या औषधाचा विचार होतो. म्हणजे पुढची काही वर्षे कोणते उपचार घ्यायचे, किती खर्च येणार, याचा बराचसा निर्णय काचपट्टीवरच्या रंगाच्या छटेवर ठरतो. हा रंग देण्याचे शास्त्र म्हणजे हिस्टोकेमिस्ट्री. मराठीत सांगायचे तर पेशी आणि ऊतींचे रसायनशास्त्र.

अमेरिकेतील ‘हिस्टोकेमिकल सोसायटी’ ही १९५० मध्ये स्थापन झालेली संस्था या विषयाला वाहिलेली आहे. या संस्थेच्या पुरस्कारांपैकी ‘कारपेंटर-रे’ हा पुरस्कार कारकिर्दीच्या मधल्या टप्प्यातील संशोधकांसाठी आहे. विषय आडबाजूचा आणि पुरस्कार त्याहून आडबाजूचा, असे कोणालाही वाटेल. मात्र त्यामागचा प्रश्न भारतातील प्रत्येक विद्यापीठ आणि प्रयोगशाळेला लागू होतो. संशोधकाला मदतीची आणि दखलेची सर्वाधिक गरज नेमकी कधी असते?

हिस्टोकेमिस्ट्री म्हणजे नेमके काय?

पेशी मुळात जवळपास पारदर्शक असतात. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढला तरी सूक्ष्मदर्शकाखाली फारसे काही दिसत नाही. म्हणून रंग लागतो. जगभरातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत रोज वापरली जाणारी जोडी म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. त्यातले हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळते. त्याने केंद्रके निळसर-जांभळी होतात, तर इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. पेशीचा आकार आणि मांडणी समजायला एवढे पुरते.

हिस्टोकेमिस्ट्री याच्या पुढची पायरी आहे. पेशी कशी दिसते यापेक्षा तिच्यात कोणता रेणू आहे, कुठे आहे आणि किती आहे, हे ती विचारते. ऊतीचा लगदा करून परीक्षानळीत तपासला तर अमुक प्रथिन आहे एवढे कळते, पण ते कोणत्या पेशीत आहे ते कळत नाही. शहरात वीज किती वापरली जाते हे एकूण मीटरवरून समजते, पण दिवा कोणत्या घरात लागला आहे ते समजण्यासाठी नकाशाच लागतो. हिस्टोकेमिस्ट्री पेशींचा असा नकाशा तयार करते.

कल्पना जुनीच आहे. आयोडीनमुळे स्टार्च निळे पडते, हे शाळेतल्या प्रयोगातून अनेकांना आठवत असेल. ऊतीतील लोह दाखवणारी माक्स पेर्ल्स यांची निळ्या रंगाची पद्धत १८६७ मधली आहे आणि ती आजही यकृताच्या तपासणीत वापरली जाते.

मधल्या वयाचा मुद्दा येथे कसा येतो?

या शास्त्रातील तीन मोठ्या टप्प्यांकडे पाहिले तर उत्तर मिळते.

पहिला टप्पा १९२४ चा. जर्मनीतील गीसेन विद्यापीठातील रॉबर्ट फॉयल्गेन यांनी हाइनरिश रोसेनबेक यांच्यासोबत डीएनए रंगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने डीएनएमधील काही भाग सुटतो आणि साखरेच्या रेणूवर अल्डिहाइड गट मोकळे होतात. रंगहीन शिफ अभिकर्मक या गटांशी जोडला गेला की गडद किरमिजी रंग येतो. आरएनएवर ही क्रिया होत नाही. त्यामुळे जे किरमिजी दिसते ते डीएनएच, असे खात्रीने सांगता येते. त्या काळी हे आम्ल प्राण्यांतच असते, वनस्पतींत वेगळेच असते, असा समज होता. फॉयल्गेन यांच्या रंगाने दोन्हींची केंद्रके सारखीच रंगली आणि तो समज मोडला. पुढे रंगाची गडदता मोजून एका पेशीतील डीएनएचे प्रमाणही काढता येऊ लागले. १८८४ मध्ये जन्मलेले फॉयल्गेन तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

दुसरा टप्पा १९३९ चा. हंगेरीतून शिकागोला आलेले जॉर्ज गोमोरी आणि जपानमधील ताकामात्सु या दोघांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, अल्कलाइन फॉस्फटेज या विकराची जागा दाखवणारी पद्धत मांडली. विकर रेणूला नुसता रंग देऊन उपयोग नव्हता. म्हणून त्यांनी विकरालाच काम करायला लावले आणि त्या कामातून सुटणारे फॉस्फेट जागच्या जागी पकडून काळे केले. पेशी जिथे काम करते तिथेच डाग पडतो, ही कल्पना पुढे असंख्य चाचण्यांचा आधार ठरली. १९०४ मध्ये जन्मलेले गोमोरी तेव्हा पस्तिशीत होते आणि नव्या देशात नव्याने बस्तान बसवत होते.

तिसरा टप्पा सर्वांत बोलका आहे. अमेरिकेतील अल्बर्ट कून्स यांना १९४१ च्या सुमारास एक युक्ती सुचली. शरीरातील प्रतिपिंड विशिष्ट रेणूलाच चिकटतो. मग त्याच्या शेपटीला चमकणारा रंग जोडला तर? त्या वेळी कून्स २९ वर्षांचे होते. युक्ती चालते हे दाखवणारे प्रयोग झाले, पण दुसऱ्या महायुद्धात त्यांना लष्करी सेवेत जावे लागले. परतल्यावर त्यांनी पद्धत नीट घोटली आणि मेल्विन कॅप्लन यांच्यासह १९५० मध्ये ती वापरण्याजोग्या रूपात मांडली. तेव्हा ते ३७-३८ वर्षांचे होते. १९५९ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आजच्या ‘ईआर’, ‘हर-टू’ चाचण्या याच युक्तीच्या वंशज आहेत.

कल्पना तिशीत सुचू शकते. ती दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या हाताने, दर वेळी तसाच निकाल देईल इतकी पक्की करायला दहा वर्षे जातात. तो सगळा काळ ‘मधल्या टप्प्याचा’ असतो.

पद्धत पक्की करायला एवढा वेळ का लागतो?

कारण रंग फसवतो. प्रतिपिंड हव्या त्या प्रथिनाला चिकटला आहे की त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच प्रथिनाला, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीत ‘कंट्रोल’ लागतो. जिथे रंग यायलाच हवा अशी एक ऊती आणि जिथे येताच कामा नये अशी एक.

ही काळजी घेतली नाही तर काय होते, याचे ठळक उदाहरण २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा या प्रथिनासाठी वापरले जाणारे १३ प्रतिपिंड संशोधकांनी काटेकोरपणे तपासले. त्यांपैकी एकच खरोखर नेमका निघाला. हे प्रथिन स्तनाच्या कर्करोगात काय करते, याबद्दल दोन दशके उलटसुलट निष्कर्ष का येत होते, याचे एक उत्तर त्यातून मिळाले.

रुग्णालयातही हाच प्रश्न असतो. ‘हर-टू’चा अहवाल ०, १, २ किंवा ३ अशा गुणांत येतो. ३ म्हणजे पॉझिटिव्ह. २ आला तर निर्णय लागत नाही आणि जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ ही चाचणी करावी लागते. २०२२ मध्ये अमेरिकेत ‘हर-टू लो’ म्हणजे कमी पातळीच्या रुग्णांसाठीही एका औषधाला मान्यता मिळाली. त्यामुळे पूर्वी ज्या फिकट छटेला फारसे महत्त्व नव्हते, त्या ० आणि १ मधल्या फरकावर आता औषध ठरू लागले आहे. शिवाय तुकडा किती वेळाने फॉर्मॅलिनमध्ये टाकला, त्यात किती तास ठेवला, यावरही रंग बदलतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तुकडा काढल्यापासून तासाभरात तो फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि तिथे ६ ते ७२ तास राहावा. तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया आणि शहरात तपासणी, अशा प्रवासात हे पाळणे सोपे नसते.

हे सगळे प्रश्न सोडवणारे काम चमकदार नसते. त्यातून मथळे होत नाहीत. पण ते झाले नाही तर चुकीच्या रुग्णाला चुकीचे औषध जाते.

मधल्या टप्प्यावर संशोधक गळतात, याला पुरावा काय?

सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील डग्लस प्रॅशर यांचे. समुद्री जेलीफिशला हिरवी चमक देणाऱ्या प्रथिनाचे, म्हणजे ‘जीएफपी’चे जनुक त्यांनी वेगळे केले आणि १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले. हे जनुक जिवंत पेशीत घातले की पेशी न मारता, न रंगवता, तिच्यातील प्रथिने चमकताना पाहता येतात. मात्र तोवर त्यांचे अनुदान संपत आले होते आणि पुढचा अर्ज फेटाळला गेला होता. तेव्हा ते चाळिशीत होते. प्रॅशर यांनी जनुकाच्या प्रती मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकल्या आणि पुढे त्या संशोधनापासून ते दुरावले.

२००८ मध्ये जीएफपीसाठी रसायनशास्त्राचे नोबेल ओसामु शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना जाहीर झाले. त्या वेळी प्रॅशर अलाबामा राज्यातील हंट्सविल येथे एका मोटार विक्री केंद्रात ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चॅल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना स्वखर्चाने स्टॉकहोमला नेले. पुढे त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काही काळ कामही केले. कोणी अन्याय केला असे या कहाणीत नाही. नियमाप्रमाणे अर्ज आला, नियमाप्रमाणे फेटाळला गेला. त्यामुळेच ती जास्त विचार करायला लावते.

एरिक बेट्झिग यांचे उदाहरण उलट दिशेचे आहे. बेल लॅब्ज सोडल्यावर त्यांनी काही वर्षे वडिलांच्या यंत्रसामग्रीच्या कंपनीत काम केले. पुढे बेरोजगारीच्या काळात त्यांनी हॅराल्ड हेस या मित्रासोबत नवा सूक्ष्मदर्शक बांधायला घेतला. तो हेस यांच्या घराच्या दिवाणखान्यात आकाराला आला. पेशीतील एकेक रेणू वेगळा दाखवणारी ही पद्धत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१४ मध्ये बेट्झिग नोबेलचे मानकरी ठरले. १९६० मध्ये जन्मलेल्या बेट्झिग यांना त्या मधल्या काळात साथ देणारी व्यवस्था नव्हती, मित्र होता.

दोन कहाण्यांवरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. त्यासाठी आकडेवारी पाहावी लागते. नेदरलँड्समधील अनुदानांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडीच्या रेषेच्या किंचित वर राहिलेले आणि किंचित खाली राहिलेले तरुण संशोधक यांची त्यात तुलना होती. गुणवत्तेत दोघे जवळपास सारखेच. तरीही पुढील आठ वर्षांत वरच्यांना खालच्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला. त्याचे एक कारण असे की, एकदा नकार मिळालेले संशोधक पुढच्या टप्प्याच्या अनुदानासाठी अर्जच कमी करतात. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते, या प्रकाराला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले होते. मधल्या टप्प्यावरील पुरस्कार हा या चक्राला छेद देण्याचा एक मार्ग असतो. अर्थात तो आधीच यशस्वी असलेल्यालाच दिला गेला नाही तर.

भारतात मधल्या फळीसाठी कोणते पुरस्कार आहेत?

भारतात या टप्प्याचा सर्वांत मानाचा पुरस्कार म्हणजे शांतीस्वरूप भटनागर पुरस्कार. तो १९५७ मध्ये सुरू झाला आणि १९५८ मध्ये पहिल्यांदा भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांना मिळाला. ४५ वर्षांखालील संशोधकांसाठी असलेला हा पुरस्कार सात शाखांत दिला जात असे. पाच लाख रुपये आणि वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत दरमहा १५ हजार रुपये असे त्याचे अलीकडचे स्वरूप होते.

पेशींच्या रसायनाशी जवळचे नाव शोधायचे तर कोलकाता विद्यापीठातील अरुणकुमार शर्मा आणि अर्चना शर्मा या दाम्पत्याचे घ्यावे लागेल. गुणसूत्रे सुटी करून, रंगवून पाहण्याच्या पद्धतींवर त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यांचे गुणसूत्र तंत्रावरील १९६५ चे पुस्तक जगभर वापरले गेले. अरुणकुमार यांना १९६७ मध्ये, तर अर्चना यांना १९७५ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. दोघेही तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. जयंत नारळीकर यांना तो १९७८ मध्ये, वयाच्या चाळिशीत मिळाला. त्यांच्या निधनानंतर २०२५ चे ‘विज्ञान रत्न’ त्यांना जाहीर झाले. एकाच कारकिर्दीतील हे दोन सन्मान दोन वेगळी कामे करतात. पहिला पुढच्या कामाला बळ देतो, दुसरा झालेल्या कामाला वंदन करतो.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने विज्ञान पुरस्कारांची फेररचना केली. त्यातून ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार’ सुरू झाले. त्यात चार गट आहेत : विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा-शांतीस्वरूप भटनागर आणि विज्ञान टीम. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, ३३ पुरस्कार दिले गेले. त्यांत १८ ‘विज्ञान युवा’ होते. ४५ वर्षांची मर्यादा कायम राहिली, मात्र आता पुरस्कारासोबत रोख रक्कम नाही. पदक आणि प्रमाणपत्र दिले जाते. खासगी क्षेत्रातील इन्फोसिस पुरस्काराने २०२४ पासून वयोमर्यादा ५० वरून ४० वर आणली. त्याची रक्कम एक लाख डॉलर इतकी आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण साध्या गणिताची आहे. भारतात पीएच.डी. पूर्ण होईपर्यंत साधारण २८ ते ३० वर्षे वय होते. पुढे तीन ते पाच वर्षे पोस्ट-डॉक्टरल संशोधन. पक्की नोकरी ३३ ते ३६ या वयात. त्यानंतर खोली मिळणे, उपकरणांच्या निविदा, पहिले विद्यार्थी यात दोन-तीन वर्षे. म्हणजे स्वतःच्या प्रयोगशाळेतील पहिला ठोस निकाल चाळिशीच्या आसपास हाती येतो. मर्यादा ४५ असेल तर पाच वर्षे उरतात. ४० असेल तर काहीच नाही. सैद्धांतिक विषयात हे जमू शकते. प्रतिपिंड तयार करणे, पडताळणे, शेकडो ऊतींवर तपासणे अशा विषयात ते कठीण असते.

दुसरी अडचण जन्मतारखेची. वय मोजताना बाळंतपण, आजारपण, घरातील जबाबदाऱ्या यांचा हिशेब आपोआप होत नाही. भटनागर पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला असीमा चॅटर्जी. ते वर्ष होते १९६१. दुसरे नाव अर्चना शर्मा यांचे, थेट १९७५ मध्ये. त्यानंतरही महिलांचे प्रमाण फार वाढले नाही. युरोपीय संशोधन परिषदेने आपल्या अनुदानांची रचना वयाऐवजी पीएच.डी. नंतरच्या वर्षांवर केली. मधल्या टप्प्यासाठी सात ते बारा वर्षे अशी चौकट ठेवली आणि आई झालेल्या संशोधकाला प्रत्येक अपत्यामागे १८ महिन्यांची सवलत दिली. हा बदल खर्चिक नाही, फक्त मोजपट्टी बदलणारा आहे.

याबाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशीविज्ञानावर एम.एस्सी. केले. मुंबईत डॉ. व. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना १९६४ मध्ये मिळाला. सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये असे त्याचे स्वरूप होते. तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. आजच्या बहुतेक ‘तरुण’ पुरस्कारांसाठी त्या अपात्र ठरल्या असत्या. आणि १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन करण्याचे, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळण्याचे टप्पे अजून पुढेच होते.

तिसरी अडचण खान्यांची. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत १३ क्षेत्रे आहेत. ऊतींचे रसायनशास्त्र यांपैकी कशात मोडते? रसायनशास्त्राची समिती त्याला जीवशास्त्र म्हणते, जीवशास्त्राची समिती ‘हे तर तंत्र’ म्हणते आणि वैद्यकाची समिती रुग्णांवरील परिणाम विचारते, असे होण्याची शक्यता कायम राहते. सीमेवरच्या विषयांचा वाली कोणी नसतो. म्हणून हिस्टोकेमिकल सोसायटीसारख्या विषयवार संस्थांचे छोटे पुरस्कार महत्त्वाचे ठरतात. जर्मनीत स्थापन झालेली ‘सोसायटी फॉर हिस्टोकेमिस्ट्री’ ही संस्थाही फॉयल्गेन यांच्या नावाने पुरस्कार देते. अशा समित्यांवर त्याच विषयात हात काळे-निळे केलेले लोक असतात. उत्तम रंगकाम आणि नुसते देखणे चित्र यातला फरक त्यांना कळतो.

पुरस्काराने खरेच फरक पडतो का?

येथे दुसरी बाजूही मांडायला हवी. पुरस्कार म्हणजे अनुदान नव्हे. भारताचा संशोधन-विकासावरील खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. अभिकर्मक वेळेवर येत नाहीत, शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने अडते, अशा तक्रारी असताना पदकांची चर्चा करणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना रहाटाला रंग देण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे नाही. शिवाय पुरस्कारांचा स्वतःचा एक रोग असतो. एक मिळाला की दुसरा मिळतो, तो मिळाला की समिती मिळते आणि समितीत बसलेला माणूस प्रयोगशाळेत दिसेनासा होतो.

तरीही मधल्या टप्प्यावरील पुरस्काराचे दोन उपयोग नाकारता येत नाहीत. एक, संस्थेच्या आत त्या संशोधकाचे वजन वाढते. जागा, विद्यार्थी आणि उपकरणे यांच्या वाटपात त्याचे म्हणणे ऐकले जाते. दोन, विषयाला प्रतिष्ठा मिळते. पद्धत पडताळण्याचे, इतरांच्या चुका शोधण्याचे काम सन्मान्य आहे, हे पीएच.डी.साठी विषय निवडणाऱ्या मुलामुलींना दिसते. आज हे विशेष गरजेचे आहे. एकाच कापात हजारो जनुके कुठे सक्रिय आहेत ते दाखवणाऱ्या तंत्राला ‘नेचर मेथड्स’ने २०२० ची सर्वोत्तम पद्धत ठरवले, तर २०२४ मध्ये तोच मान प्रथिनांचा नकाशा करणाऱ्या तंत्राला दिला. शंभर वर्षांपूर्वी एका रेणूला एक रंग होता. आता हजारो रेणूंचा नकाशा एका वेळी तयार होतो. म्हणजे चुकीचा रंग चिकटण्याच्या जागाही हजारो पटींनी वाढल्या आहेत.

काय बदलता येईल?

चार गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत.

एक : मधल्या टप्प्याच्या पुरस्कारांसाठी जन्मतारखेऐवजी पीएच.डी. किंवा पहिली स्वतंत्र नोकरी यानंतरची वर्षे मोजावीत. मातृत्व, दीर्घ आजारपण आणि घरातील रुग्णाची शुश्रूषा यासाठी ठरलेली सवलत नियमातच असावी. मागायला लागू नये.

दोन : पद्धती विकसित करणाऱ्यांसाठी वेगळा गट असावा. त्याचा निकष शोधनिबंधांची संख्या नसावा. ती पद्धत किती प्रयोगशाळांनी वापरली आणि तोच निकाल किती ठिकाणी मिळाला, हे पाहावे. मोठ्या कर्करोग रुग्णालयांनी ठरवले तर असा पुरस्कार सरकारची वाट न पाहता सुरू होऊ शकतो. पॅथॉलॉजीतील तंत्रज्ञांनाही त्यात स्थान हवे. काचपट्टीवरचा रंग शेवटी त्यांच्याच हातून चढतो.

तीन : रोख रक्कम संशोधकाच्या खिशात गेली नाही तरी चालेल, पण पुरस्कारासोबत तीन ते पाच वर्षांचा, अटी नसलेला संशोधन निधी द्यावा. प्रॅशर यांची गरज पदकाची नव्हती. त्यांना आणखी दोन-तीन वर्षांचा पगार आणि रसायनांचा खर्च हवा होता.

चार : शेवटच्या फेरीत नाकारलेल्यांना कारण कळवावे आणि पुन्हा अर्ज करण्यास सांगावे. नेदरलँड्सचा अभ्यास सांगतो की रेषेच्या जरा खाली राहिलेले लोक गुणवत्तेने मागे नसतात, ते अर्ज करणे सोडतात. एक पत्र लिहायला खर्च येत नाही.

विज्ञानाच्या बातम्यांत एका टोकाला पंचविशीतील स्टार्टअप असते आणि दुसऱ्या टोकाला ऐंशीव्या वर्षी मिळालेला जीवनगौरव. क्रिकेटमध्ये सामना कोण सावरतो, हे मात्र सर्वांना ठाऊक असते. सलामीवीर बाद झाल्यावर मधली फळी टिकली तरच धावफलक हलतो. फॉयल्गेन, गोमोरी, कून्स आणि रणदिवे या सर्वांनी आपले महत्त्वाचे काम त्याच टप्प्यावर केले. ज्या वयात घरचे हप्ते, मुलांच्या शाळा, आईवडिलांची दुखणी आणि प्रयोगशाळेचे संपत आलेले अनुदान एकाच वेळी समोर उभे असते, त्याच वयात कोणीतरी ‘तुझे काम आम्ही पाहिले आहे, पुढे कर’ असे सांगण्याची गरज असते. भारतातील पुरस्कारांची नवी रचना अजून कोवळी आहे. तिच्या नियमांत हा बदल करण्याची योग्य वेळ आताच आहे.